८ फुटांवरून ६ फुटांवर: सर्फबोर्ड लहान करण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने महाबलीपुरमकडे निघालं की वाटेत कोवलम लागतं. केरळातलं कोवळम निराळं. हे मच्छीमारांचं गाव. २०१३ पासून इथे सर्फिंगचा महोत्सव भरू लागला, आणि ज्यांचे वडील अजून फायबरच्या होडीतून जाळं टाकायला जातात ती मुलं आता पहाटे आयटीवाल्यांना लाटेवर उभं राहायला शिकवतात. हे प्रकरण अशाच एका आयटीवालीचं आहे. नाव आणि कंपनी गाळली आहे, मजकूर तिने वाचून होकार दिला आहे. शनिवार-रविवार मीही त्याच किनाऱ्यावर असतो आणि पाण्यात नसलो की वाळूत उभा राहून इतरांचे व्हिडिओ काढतो, त्यामुळे यातलं बरंचसं डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

ती मूळची पुण्याची, तिशीतली, सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरीला. वजन ५८ किलो, उंची ५ फूट ४ इंच. टिळक टँकवर पोहायला शिकलेली, म्हणजे पाण्याची भीती नाही आणि खांद्यांत जोर आहे. बोर्डवर पहिल्यांदा उभी राहिली ती गोव्यात, आश्व्याच्या किनाऱ्यावर, सुट्टीतल्या एका क्लासमध्ये. चेन्नईला बदली झाल्यावर कोवलमच्या क्लबात नाव घातलं. प्रशिक्षक तिच्याहून वयाने लहान, पण त्याला सगळे अण्णाच म्हणतात. तो तिला अक्का म्हणतो.

इथल्या समुद्राचं वेळापत्रक कोकणातल्या माणसाला उलटं वाटतं. आपल्याकडे जून ते ऑगस्ट किनाऱ्यावर कुणी फिरकत नाही. इथे तोच खरा हंगाम. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दक्षिणेकडच्या महासागरातून निघालेल्या लांब लाटा इथवर पोचतात, आणि नैर्ऋत्य मोसमी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असल्याने सकाळी लाटेचं तोंड विंचरल्यासारखं स्वच्छ असतं. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, खवळलेलं पाणी, मधूनच एखादं चक्रीवादळ. जानेवारी ते मार्च लाटा नेटक्या पण लहान आणि अशक्त. भरती-ओहोटीतला फरक उधाणालाही जेमतेम एक मीटर, मुंबईच्या मानाने काहीच नाही. त्यामुळे कुठला बोर्ड काढायचा हे भरतीपेक्षा महिन्यावर जास्त ठरतं. या प्रकरणात ते महिनेच महागात पडले.

दोन हंगाम ती ८ फुटी सॉफ्ट-टॉपवर होती. सॉफ्ट-टॉप म्हणजे वरून मऊ फोम असलेला शिकाऊ बोर्ड, तिचा साधारण ८५ लिटरचा. न फुटलेली लाट ती स्वतःची स्वतः पकडत होती, उजवीकडे तिरकी धरून किनाऱ्यापर्यंत येत होती. वळण मात्र नव्हतं.

अडचण

तिच्या तीन तक्रारी होत्या. पहिली, मोठ्या लाटांच्या दिवशी बाहेर पोचताच येत नाही. लहान बोर्ड नाकाकडून पाण्याखाली दाबून येणाऱ्या फेसाखालून निसटता येतं. त्याला डक-डाइव्ह म्हणतात. ८५ लिटरचा बोर्ड दाबला जात नाही. मग बोर्ड उलटा करून त्याच्याखाली लटकायचं, फेस अंगावरून जाऊ द्यायचा, पुन्हा सुलटं व्हायचं. तेवढ्यात पुढचा फेस येतो आणि माणूस निघाला तिथेच परत.

दुसरी, बोर्ड वळत नाही. लाटेवर तिरकं जाता येतं, पण खाली उतरून परत वर चढता येत नाही.

तिसरी तक्रार तिने बऱ्याच उशिरा, चहा पिताना सांगितली. लाइन-अपमध्ये, म्हणजे जिथे सगळे लाटेची वाट पाहत बसतात तिथे, गावातली पंधरा-सोळा वर्षांची पोरं ५ फूट १० इंचांचे टोकदार बोर्ड घेऊन असतात आणि ती निळा फोम घेऊन. कुणी काही बोलत नाही. पण आपण शिकाऊ आहोत हे लांबून दिसतं.

माझ्या मते बोर्ड बदलण्यामागे सर्वांत मोठा जोर या तिसऱ्या तक्रारीचा होता, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ती पहिल्या दोन तक्रारींच्या आड लपली आणि त्यांची नीट तपासणी झाली नाही. दुसरीचंच पाहा. ८ फुटी बोर्ड वळतो, संथपणे वळतो. पण त्यासाठी मागचा पाय फिनवर, म्हणजे बोर्डाच्या तळाला शेपटाशी असलेल्या पंखासारख्या पात्यावर, न्यावा लागतो. ती बोर्डाच्या मध्यावर दोन्ही पाय रोवून उभी राहायची. तिथे उभं राहून ६ फुटीसुद्धा वळत नाही. अण्णा हे बोलला होता: ‘अक्का, आधी याच्यावर एक वळण घे, मग बघू.’ त्याचं बोलणं तिला शिकवणी लांबवण्यासारखं वाटलं.

समोरचे पर्याय

पर्याय लिहिण्याआधी लहान बोर्ड नेमकं काय हिरावून घेतो ते सांगायला हवं, कारण लांबीच्या आकड्यात ते दिसत नाही.

किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. दीड मीटर खोलीवर लाट तासाला साधारण १४ किलोमीटरने धावते. हातांनी जीव तोडून वल्हवणारा सर्फर तासाला ६ किलोमीटरच्या आगेमागे. उरलेली तफावत लाटेच्या उतारावरून घसरून भरून काढायची असते. लांब, रुंद, जाड बोर्ड पाण्यावर उंच तरंगतो, त्यामुळे उतार अगदी सौम्य असतानाच घसरू लागतो. लहान बोर्डला उतार तीव्र लागतो, आणि लाट तीव्र होते ती फुटण्याच्या अगदी आधी. म्हणजे लाट उशिरा मिळते, आणि मिळाल्यापासून फुटेपर्यंत उभं राहायला वेळ क्षणभराचा. फोमवर तिला हा वेळ चांगला दोन-तीन सेकंद मिळत होता, आणि त्या दोन-तीन सेकंदांत काय काय खपून जात होतं हे पुढे कळलं.

तिच्यासमोर चार वाटा होत्या. आहे त्याच बोर्डवर आणखी एक हंगाम काढायचा आणि वळण शिकायचं. क्लबाकडे भाड्याने असलेला ७ फूट ६ इंची कडक बोर्ड घ्यायचा; तो थोडा लहान, थोडा चपळ, लाटा जवळपास तेवढ्याच देणारा. ७ फुटी अंडाकृती बोर्ड शोधायचा, गोल नाकाचा आणि सुमारे ४३ लिटरचा. चौथी वाट आपण होऊन चालत आली. चेन्नई सोडून निघालेल्या एका परदेशी इंजिनियरने ६ फुटी बोर्ड विकायला काढला, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. रुंदी पावणेएकोणीस इंच, जाडी २ इंच आणि तीन अष्टमांश, २८ लिटर, मागे तीन फिन.

तीन फिनची ही मांडणी ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने रूढ केली; १९८१ साली बेल्स बीचची स्पर्धा त्याने तसल्या बोर्डवर जिंकली आणि नंतर सगळ्या जगाने ती उचलली. ती ताकदवान लाटेवर जोरकस वळणं घेण्यासाठी आहे. फेब्रुवारीतल्या कोवलमच्या गुडघाभर लाटेसाठी ती कुणीच मांडली नव्हती.

निर्णय

तिने ६ फुटी घेतला. याला बेफिकिरी म्हणता येणार नाही. तिने हिशेब केला होता. सर्फिंगमध्ये बोर्डाचे लिटर भागिले स्वाराचं वजन असं एक गुणोत्तर वापरतात. तरबेज सर्फरसाठी ते साधारण ०.३५ ते ०.४०, मधल्या पातळीवरच्यांसाठी ०.४० ते ०.५० किंवा थोडं वर, नवख्यांसाठी त्याहून बरंच जास्त. २८ भागिले ५८ म्हणजे ०.४८. आयटीतल्या माणसाला असा आकडा मिळाला की प्रश्न सुटला.

हिशेब बरोबर, कप्पा चुकीचा. त्या कोष्टकातला मधल्या पातळीवरचा सर्फर म्हणजे वळणं घेणारा, एका झटक्यात उभा राहणारा, आठवड्यातून तीन-चार वेळा पाण्यात जाणारा माणूस. तिने स्वतःला मधल्या पातळीवर धरलं, कारण ती न फुटलेल्या लाटा पकडत होती. त्या ती ८५ लिटरवर पकडत होती हे हिशेबात आलंच नाही. तिचं जुनं गुणोत्तर १.४७ होतं. म्हणजे एका उडीत दोन तृतीयांश तरंग गेला.

शिवाय लिटर सगळं सांगत नाहीत. त्या बोर्डाला नाकाकडे केळ्यासारखा बाक होता. उभ्या लाटेवर हा बाक नाक पाण्यात घुसू देत नाही. सपाट लाटेवर तोच बाक पाणी ढकलत राहतो आणि वल्हवणं म्हणजे ब्रेक दाबून गाडी चालवणं होतं. तेवढ्याच २८ लिटरचा रुंद, सपाट तळाचा फिश प्रकारचा बोर्ड तिला निदान निम्म्या लाटा जास्त देऊन गेला असता.

याच आठवड्यात दुसरा निर्णय झाला आणि तो मला जास्त खटकतो. बिल्डिंगच्या बाल्कनीत दोन बोर्ड मावत नाहीत म्हणून तिने सॉफ्ट-टॉप विकून टाकला. परतीचा पूल पाडून टाकला म्हणा. अण्णाने मोडता घातला नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाला, माणूस विकत घेऊन आला की मी सल्ला देत नाही, तो आधी यावा लागतो.

पुढचे दोन महिने

फेब्रुवारीचा पहिला शनिवार. पाणी काचेसारखं, लाटा मांडीपर्यंत. फोमवर अशा सकाळी ती तासाभरात दहा-बारा लाटा सहज घ्यायची. त्या दिवशी दोन तासांत दोन मिळाल्या, आणि दोन्हींवर उभी राहता राहता शेपूट बुडालं आणि ती मागे पडली. नव्या बोर्डवर पहिल्या दिवशी हे होणारच, म्हणून सगळ्यांनी हसून सोडलं. चौथ्या-पाचव्या आठवड्यातही चित्र तेच राहिलं तेव्हा हसणं बंद झालं.

काही गोष्टी किरकोळ होत्या आणि लगेच सुटल्या. ८ फुटी बोर्डाची लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी, तिने ६ फुटीला लावली होती. ती पायात गुंतायची आणि पाण्यात ओढ द्यायची. लीश साधारण बोर्डाच्या लांबीची असावी. बोर्ड जड वाटत होता, कारण शेपटाजवळच्या जुन्या भेगेतून आत पाणी जात होतं. सेकंड हँड बोर्ड घेताना पिवळे-तपकिरी डाग, फिनच्या खोबणीभोवतीच्या भेगा, अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागणारी जागा एवढं तरी पाहावं. टाचेने पडलेले उथळ खळगे चालतात. भेग बुजवली, बोर्ड उन्हाआड सुकवला, फरक पडला, पण लाटा वाढल्या नाहीत.

मग ती मोठ्या लाटेची वाट बघू लागली, आणि मोठी लाट आली की घाबरू लागली. मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी अवचित छातीएवढे सेट, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांचे गट, आले. डक-डाइव्हसाठीच तर हा बोर्ड घेतला होता. पण डक-डाइव्हचा सराव शांत पाण्यात कधी केला नव्हता. फेस अंगावर येताना तिने बोर्ड सोडून दिला आणि खाली बुडी मारली. ६ फूट बोर्ड आणि ६ फूट लीश मिळून बारा फुटांच्या परिघात तो बोर्ड मोकाट. मागे अण्णाचा एक शाळकरी विद्यार्थी होता, तो थोडक्यात वाचला. अण्णाने तिला किनाऱ्यावर बोलावलं आणि सर्वांसमोर काही न बोलता बाजूला नेऊन स्पष्ट सांगितलं: बोर्ड सोडायचा नाही, सोडावा लागत असेल तर इतक्या बाहेर यायचं नाही.

त्यानंतर तिचे दोन शनिवार-रविवार बुडाले. ऑफिसचं काम होतं, पाहुणे होते. कारणं खरीच होती, पण फोमच्या दिवसांत तीच कारणं तिला अडवत नसत. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत गंभीर वाटली ती ही गोष्ट. बोर्ड चुकला तर तो विकता येतो. पाण्यात जाणं थांबलं की पुढचं सगळंच थांबतं.

दुसरा टप्पा

व्हिडिओ तिने माझ्याकडे मागितले. मी जुने, फोमवरचेही काढून दिले. दोन्ही शेजारी लावून संथ गतीत पाहिल्यावर जे दिसलं त्याने वादच मिटला. फोमवरही ती आधी मागचा गुडघा टेकायची आणि मग उठायची. हात बोर्डाच्या कडा धरायचे. नजर नाकाच्या टोकावर. मोठ्या बोर्डने हे सगळं दोन वर्षं पोटात घेतलं होतं. ६ फुटीवर गुडघा टेकायला ना जागा होती ना वेळ.

इथे पुन्हा तीन रस्ते होते. हट्टाने ६ फुटीवर राहायचं आणि एप्रिलच्या ताकदवान लाटांची वाट पाहायची. लाटा आपल्या आपण जोर देतात, तेव्हा हा बोर्ड चालू लागतो, आणि हा पर्याय वाटतो तितका चुकीचा नाही. क्लबाचा फोम भाड्याने घेऊन मुळापासून सुरुवात करायची. किंवा मधला बोर्ड शोधायचा, पण या वेळी आकड्यावर न जाता वापरून पाहून.

तिने तिसरा रस्ता धरला आणि तो श्रीलंकेतून गेला. चेन्नईहून कोलंबो विमानाने दीड तासाच्या आत. दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगामाचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे कोवलम झोपलेलं असताना. अर्धचंद्राकार उपसागर, तळाशी वाळू, लाटा मऊ, आणि किनाऱ्यावर भाड्याच्या बोर्डांच्या रांगा. तिथे सकाळी घेतलेला बोर्ड पटला नाही तर दुपारी दुसरा मिळतो. एकाच लाटेवर, एकाच आठवड्यात तीन-चार लांब्या वापरून पाहण्याची सोय आपल्याकडे अजून सहज होत नाही. मार्चअखेरीस तिने आठवड्याची रजा टाकली. ६ फुटी घरीच ठेवला. हा निर्णय लहान दिसतो, पण तो नेला असता तर विमानाचं भाडं वसूल करायला ती त्याच्यावरच पडत-धडपडत राहिली असती.

तिथे तिने एक साधी वही ठेवली. बोर्ड कुठला, लाट केवढी, किती लाटांसाठी वल्हवलं, किती मिळाल्या, कितींवर तिरकं जाता आलं. ७ फूट ६ इंचीवर फोमइतक्याच लाटा. ७ फुटीवर किंचित कमी. ६ फूट ६ इंचीवर एकदम निम्म्या. उतरंड सरळ रेषेत जात नव्हती. ७ फूट आणि साडेसहा फूट यांच्या मध्ये कुठेतरी पायरी होती. ती पायरी तिच्या त्या वेळच्या उठण्याच्या वेगाची होती, हे माझं मत. वेग वाढला की पायरी खाली सरकते, आणि पुढे तसंच झालं.

परत आल्यावर तिने ७ फुटी बोर्ड घेतला: रुंदी २१ इंच, जाडी २ इंच आणि पाच अष्टमांश, ४३ लिटर, थर्माकोलच्या जातीचा गाभा आणि त्यावर एपॉक्सी. असा बोर्ड हलका असतो आणि चांगला तरंगतो. मात्र भेग पडली तर पाण्याबाहेर काढावाच लागतो, गाभा पाणी पितो. घरी योगाच्या मॅटवर रोज पॉप-अप: दोन्ही तळवे बरगड्यांपाशी, गुडघा न टेकता एका झटक्यात पाय खाली, नजर समोरच्या भिंतीवर. हे सगळ्यांत कंटाळवाणं काम होतं आणि माझ्या मते नव्या बोर्डाइतकंच श्रेय त्याचं आहे.

निष्पत्ती

एप्रिल ते सप्टेंबर ती ७ फुटीवर होती. मे महिन्यात गुडघा टेकणं सुटलं. जूनमध्ये कोवलमच्या खडकांजवळच्या उजव्या, म्हणजे सर्फरच्या उजव्या हाताकडे फुटत जाणाऱ्या, लाटेवर पहिलं खरं बॉटम टर्न, म्हणजे लाटेच्या पायथ्याशी वळून पुन्हा वर, आलं. मागचा पाय फिनवर नेल्यावर आलं. अण्णाने दीड वर्षापूर्वी सांगितलेलं तेच.

पहिल्या तक्रारीचं काय झालं ते मजेशीर आहे. ४३ लिटरचा बोर्ड ५८ किलोच्या माणसाला पुरता बुडवता येत नाही. लहान फेसाखालून कसाबसा निघतो, मोठ्याला अजूनही उलटं व्हावंच लागतं. तरीही ती बाहेर पोचू लागली. अण्णाने तिला खडकाच्या कडेने जाणारा पाण्याचा ओघ दाखवला. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतंच; तिथे लाटा कमी फुटतात, पाणी जरा गढूळ दिसतं, आणि तो ओघ माणसाला आपण होऊन बाहेर नेतो. गावातली पोरं तिथूनच जात होती. शिवाय थांबायचं: सेट चालू असताना किनाऱ्यावर उभं राहायचं, संपला की निघायचं. जी अडचण सोडवायला ५७ लिटर कमी केले होते ती ८५ लिटरवरही बरीचशी सुटली असती.

सप्टेंबरअखेरीस तिने ६ फूट ४ इंचांचा रुंद, सपाट तळाचा बोर्ड घेतला, सुमारे ३५ लिटरचा. ७ फुटीच्या तुलनेत दोन तृतीयांश लाटा मिळतात आणि तेवढ्यात ती खूश आहे, कारण मिळालेल्या लाटेवर करायला आता काहीतरी आहे. या वेळी जुना बोर्ड विकला नाही. कंबरेखाली लाट असेल तर ७ फुटी, वर असेल तर ६ फूट ४. जानेवारी ते मार्च लहान बोर्ड बाल्कनीतच. ६ फुटी थोड्या तोट्यात विकला गेला.

सगळं जमलं असं नाही. कोवलमची मुख्य लाट उजवी असल्यामुळे डावीकडे, लाटेकडे पाठ करून जाणं तिला अजून येत नाही, आणि लहान बोर्डवर ती उणीव जास्त बोचते.

वेगळं काय करता आलं असतं

महिना. तोच ६ फुटी तिने फेब्रुवारीऐवजी मेमध्ये काढला असता तर निकाल इतका वाईट लागला नसता. पूर्व किनाऱ्यावर लहान बोर्डची सुरुवात एप्रिलनंतर करावी. गोव्यात गणित निराळं, तिथे पावसाळा सर्फिंगच्या कामाचा नसतो आणि ऑक्टोबर ते मे लाटा बहुतेक लहानच राहतात, म्हणून तिथल्या शिकणाऱ्याने मधल्या लांबीवर आणखी रेंगाळायला हरकत नाही.

जुना बोर्ड. तो सहा महिने ठेवायला हवा होता, मित्राच्या गच्चीवर का होईना. एका सकाळी अर्धा वेळ जुन्यावर आणि अर्धा नव्यावर काढता आला असता तर ते बुडालेले शनिवार-रविवार बुडाले नसते असं मला वाटतं.

व्हिडिओ. तो बोर्ड घेण्याच्या आधी पाहायला हवा होता. गुडघा टेकतोय का, हात कडेवर जातात का, नजर कुठे आहे, एवढं कुणीही फोनवर पाहू शकतो.

सगळ्या जगाने बोर्ड लहान केले मग मी का नको, असं तिने एकदा विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. १९६६ साली सान दिएगोला ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने जागतिक स्पर्धा जिंकली ती ९ फूट ४ इंचांच्या बोर्डवर, आणि त्यानंतर चार-पाच वर्षांत बोर्ड दोन-अडीच फुटांनी आखडले. पण ते आखडणारे लोक मोठ्या बोर्डवर जे जे करता येतं ते सगळं करून चुकले होते. मोठा बोर्ड त्यांना पुरेनासा झाला होता. तिच्या बाबतीत फोममध्ये अजून बरंच शिल्लक होतं.

हे मी अण्णाला वाचून दाखवलं तेव्हा तो पूर्ण सहमत झाला नाही. त्याच्या मते त्या दोन महिन्यांत तिचे खांदे तयार झाले, पाण्यात बसल्या बसल्या लाट वाचायची सवय लागली, आणि ६ फुटीवर आपटल्यामुळेच ती व्हिडिओ पाहायला तयार झाली. फोमवर सुखात असती तर गुडघा आजही टेकत राहिली असती. मी म्हणतो हीच गोष्ट ७ फुटीवरही कळली असती, आणि त्या शाळकरी मुलाला धोका न होता. ती स्वतः अण्णाच्या बाजूने आहे. आता तिच्या ऑफिसातला एकजण फोमवरून उतरायचं म्हणतोय. त्याला अण्णाने क्लबाचा ७ फूट ६ इंची दिला आहे आणि मला त्याचे व्हिडिओ काढायला सांगितलं आहे.